वहिनीने दिलेला काना

५ फेब्रुवारी

प्रिय बारके,

फोन लागत नाही म्हणून वैतागली असशील. लागणारही नाही. तुझ्या दादाने माझा मोबाइल पाण्याच्या बादलीत घातला. "यातून माझ्या चुगल्या जातात," म्हणाला, आणि वर झाकणही ठेवलं. नवा आणला तर त्याचीही तीच गत होणार. म्हणून पत्र. उत्तर छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. घरी आलं तर तो उघडेल, आणि आपल्याबद्दल काय लिहिलंय हे कळण्याइतकं डोकं अजून चालतं त्याचं, ते चालतं याचंच तर वाईट वाटतं.

चष्म्याचं दुकान बंद केलं. एका गिऱ्हाइकाच्या काचा दुसऱ्याच्या फ्रेममध्ये बसवल्या, आणि ती बाई जिन्यावरून पडता पडता वाचली. अजून साठी गाठली नाही गं त्याने. मी कामावर असते तेव्हा शेजारची शिवणवाली आपलं मशीन आमच्याकडे आणून बसते. तिच्या मशीनच्या आवाजाने तो शांत राहतो. ती नसती तर मला नोकरीवर पाणी सोडावं लागलं असतं.

नव्या डॉक्टरांनी एक गोळी दिलीय, रोज एक. ती काय करते विचारलं तर म्हणाले, "थोडी मदत होईल." मदत तर शिवणवालीही करते. तू दिवसभर त्याच रसायनांत बुडालेली असतेस, तेव्हा तू मला नीट सांग. गुळमुळीत नको. हा बरा होणार का, आणि मी काय करू, एवढंच सांग. मी छापखान्यात जगाच्या चुका सुधारते आणि माझ्या घरातली चूक मला सुधारता येत नाही.

आणि ये. काल तुझा फोटो दाखवला तर म्हणाला, "ही कोण बाई?" नंतर संध्याकाळी विचारतो, "बारकी शाळेतून आली का?" अजून काहीतरी शिल्लक आहे. ते आहे तोवर ये.

राखीबरोबर पाठवलेल्या चिठ्ठीत जागोजागी काने गाळलेस. बारकीचे काने उंदीर खातात असं तो म्हणायचा ते काही खोटं नाही. मी सवयीने लाल शाईने सगळे भरून घेतले.

तुझी वहिनी


१४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

काने मी देते गं, पेनच देत नाही. नणंदेच्या चुका काढायला लाल शाई लागते, हे आज कळलं.

आता नीट ऐक. मेंदूतल्या दोन पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये बारीक फट असते. एकीला दुसरीशी बोलायचं असलं की ती त्या फटीत एक रसायन सोडते. त्याला आपण निरोप्या म्हणू. निरोप्या पलीकडे पोचला, निरोप सांगून झाला, की त्याला तिथल्या तिथे मोडायचं काम विकराचं. एका क्षणात असे हजारो मोडले जातात. दादाकडे आता निरोपेच कमी निघतात, आणि जे निघतात तेही विकराच्या तावडीत सापडतात, म्हणून निरोप पोचतो न पोचतो तोच विरतो. तुमची गोळी विकराला धरून ठेवते. त्यामुळे उरलेले निरोपे जरा जास्त वेळ टिकतात आणि माणसाला आठवायला थोडी उसंत मिळते.

हे मी रोज डोळ्यांनी बघते. नळीत विकर जोरात असेल तर पाणी पिवळं धमक होतं. त्यात या गोळीची पूड घातली की पिवळेपणा फिका पडतो, दुप्पट घातली की पाणी जवळजवळ नितळ. विकर गप्प. इतकी वर्षं झाली, तरी मला अजून त्याचं नवल वाटतं.

आणि दादाच्याच डोक्यात काही वेगळं आहे असं समजू नकोस. विकर तुझ्यामाझ्यात, सगळ्यांतच असतं. मेंदूत एकच नाही, आणखीही आहेत. एक तर असं आहे की मनाला उभारी देणारे निरोपे मोडतं. त्याला रोखणारी गोळी खचलेल्या माणसांना देतात. शेवटी डोकं ठीक असणं म्हणजे निरोपे किती निघतात आणि किती मोडतात याचा मेळ बसणं.

यायचं म्हणशील तर इथे एक तपासणी अर्धवट आहे आणि साहेब सुट्टी म्हटलं की तोंड वाकडं करतो. एप्रिलमध्ये नक्की येते.

तुझी बारकी


२६ फेब्रुवारी

प्रिय बारके,

तुझं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घड्यांवर फाटायला आलंय. पहिल्यांदा कोणीतरी मला कळेल असं सांगितलं. नेहमीप्रमाणे काने भरावे लागले, आणि इतकी शिकलीस तरी "तो" आणि "ते" यातला फरक तुला कळत नाही, तोही दुरुस्त केला. पण म्हणणं काळजाला भिडलं. विकार सगळ्यांतच असतो हे वाचून तर फार बरं वाटलं. मीही परवा पातेलं आचेवर ठेवून विसरले. म्हटलं, चला, आपणही त्यातलेच.

आता आनंदाची गोष्ट. तो सुधारतोय. लग्नानंतर तो मला माझ्या चष्म्याच्या नंबराने हाक मारायचा, आठवतं ना? सोमवारी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणाला, "उणे अडीच, माझा सदरा कुठाय?" माझ्या हातातलं ताट खाली पडलं. कित्येक महिन्यांनी मला या घरात कोणीतरी हाक मारली. मी तोंड फिरवून रडून घेतलं, मग सदरा दिला.

शिवणवालीला त्याने तिच्या सुईत दोरा ओवून दिला. ती म्हणाली, "भाऊ, तुमचा हात अजून शाबूत आहे." तो इतका खूश झाला की संध्याकाळपर्यंत तिच्या सगळ्या सुया ओवून ठेवल्या.

डॉक्टर फार सावकाश चालतात. मी आता माझ्या बेताने घेतेय. विकार गप्प झाला पाहिजे, बस. एप्रिलमध्ये तू येशील तेव्हा तो तुला दारातच हाक मारेल, बघ. मी तेवढ्यासाठीच कंबर कसलीय.

तुझी वहिनी


१० मार्च

प्रिय वहिनी,

सदऱ्याचं वाचून मी प्रयोगशाळेतच हसत सुटले. शेजारची मुलगी विचारायला लागली, काय झालं. तू ताट पाडलंस म्हणजे प्रकरण गंभीरच म्हणायचं. आणि पातेलं विसरण्याला विकार म्हणायचं ठरलं तर मला केव्हाच भरती करायला हवं होतं.

गोळीने पहिल्यापहिल्यांदा असा फरक पडतो. सुधारणा दिसली तर छान, पण कमीजास्तही होईल, हुरळून जाऊ नकोस. तो जेवतो ना नीट? झोपतो?

एप्रिलचं जमेलसं वाटत नाही. तपासणी लांबली. मेमध्ये येते, नक्की. दादाला सांग बारकी शाळेतून यायला थोडा उशीर होणार आहे.

तुझी बारकी


२१ मार्च

बारके,

मे महिना. इथे उद्या काय होईल याचा पत्ता नाही आणि तू मला कॅलेंडर दाखवतेस. रागावलेय मी. पण रागवायला तुझ्याशिवाय मला आहे कोण?

तो परत घसरला. आरशात बघून म्हणाला, "या माणसाला बाहेर काढा, हा माझे कपडे घालतो." आरशावर चादर टाकली तर म्हणाला, आता तो चादरीमागून ऐकतो. मला दोन दिवस हाकच मारली नाही.

म्हणून मी गोळी वाढवली. तुझं ते निरोप्यांचं पत्र आलं त्याच आठवड्यात दुप्पट केली होती. तूच लिहिलं होतंस, दुप्पट घातली की विकार गप्प. आणि झालाही होता, सदऱ्याची गोष्ट त्यानंतरचीच. आता तिप्पट देतेय. डॉक्टरांना सांगितलं नाही. त्याच चिठ्ठीवर दुसऱ्या रस्त्यावरच्या औषधवाल्याकडून आणते. डॉक्टरांचं काय जातं "हळूहळू" म्हणायला, त्यांचा नवरा थोडाच आरशाला घाबरतो.

पण त्याला त्रास होतोय. घामाने सदरा भिजतो, तोंडाला सारखं पाणी सुटतं, ओकाऱ्या होतात, पोटात काही ठरत नाही. हाताची नाडी इतकी सावकाश चालते की मध्येच मला वाटतं थांबली. शिवणवाली म्हणते, डॉक्टरला बोलवा. मी म्हटलं, तुंबलेली मोरी साफ करताना आधी घाण वर येतेच. विकार बाहेर निघतोय. निघतोय ना गं? तू एकदा हो म्हण म्हणजे मी तग धरते. मला खूप भीती वाटतेय. थांबले तर तो हातचा जाईल आणि नाही थांबले तर काय होईल ते कळत नाही.

ये गं. मी हात जोडते.

वहिनी


२५ मार्च

वहिनी,

हे हातात पडताक्षणी गोळी बंद कर आणि दादाला इस्पितळात ने. रोज किती दिल्यास ते त्यांना खरं सांग. लाजू नकोस, लपवू नकोस.

छापखान्यात फोन केला. तू दोन दिवस आली नाहीस म्हणाले. तिथल्या शिपायाला घरी पाठवा म्हणून विनवलं, तो हो म्हणाला, पण गेला की नाही देव जाणे. हे पत्र जलद टपालाने टाकतेय आणि मागोमाग मी स्वतः निघतेय. जे आधी पोचेल ते.

विकार नाही गं, विकर. मी काना गाळला नव्हता, तो तिथे नसतोच. विकर म्हणजे रोग नव्हे. ते शरीराने आपल्या कामासाठी बनवलेलं द्रव्य आहे. लाळेत असतं ते भाकरी मोडतं, मेंदूत असतं ते निरोपे मोडतं. ते नसेल तर माणूस जगणार नाही. आणि दादाच्या गोळीने जे दबतं तेच विकर हृदयाशी आहे, पोटात आहे, छातीत आहे. तू ते सगळीकडेच दाबलंस. आता निरोपे मोडलेच जात नाहीत, सगळे एकदम ओरडत सुटलेत. घाम, लाळ, ओकाऱ्या त्याच्यामुळे. त्याच्या हृदयालाही "हळू चाल, हळू चाल" असं कोणीतरी न थांबता सांगतंय. नळीत नितळ दिसतं त्याचं मला कौतुक वाटलं, पण नळीला हृदय नसतं हे तुला लिहायचं मला सुचलं नाही. तुझ्या फेब्रुवारीतल्या पत्रातही विकारच होतं आणि मी ते हसण्यावारी नेलं.

आणखी एक. गोळीने दादा बरा होणार नाही. कुठल्याच गोळीने होणार नाही. निरोपे सोडणाऱ्या पेशीच मरत चालल्यात, आणि त्यावर जगात कोणाकडे इलाज नाही. हे मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं. मग ते पान फाडून टाकलं. तुला धीर द्यायला नव्हे, माझ्याच्याने ते पुन्हा वाचवेना. सुट्टीचंही खोटं होतं. साहेब कधीच हो म्हणाला होता. दादा मला ओळखणार नाही, या भीतीने मी येत नव्हते.

निघते.

बारकी


१८ एप्रिल

प्रिय वहिनी,

सुखरूप पोचले. पोचले, पण मन तिथेच आहे.

मी पोचायच्या आधी तो न्हाणीघरात कोसळला आणि तू दार मोडून त्याला ओढत बाहेर काढलंस हे शिवणवालीने सांगितलं, तू नाही सांगितलंस. इस्पितळातल्या त्या पडद्यावर त्याच्या नाडीचा आकडा वर चढत होता तेव्हा तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की वळ उठला. मोठ्या डॉक्टरांनी आता ती गोळी कायमची बंद म्हटलं, त्याचं हृदय ती पुन्हा सोसणार नाही. ते ऐकून तू नुसती मान हलवलीस. मला वाटलं होतं ओरडशील, मला दोष देशील. दिला असतास तर बरं झालं असतं.

त्या कान्याच्या प्रकरणावर आपण एक शब्द बोललो नाही. तुझ्या टेबलावर माझं पत्र पाहिलं. प्रत्येक विकरला तू लाल काना दिलायस, "ते"चं "तो" केलंयस, आणि समासात छान वळणदार अक्षरात लिहिलंयस, "हिला शुद्धलेखन शिकवायला हवं." मी ते पत्र बरोबर घेऊन आलेय, रागावू नकोस. त्या चुकीत निम्मी मी आहे.

पण वहिनी, त्याने मला ओळखलं. घरी आणल्यावर मी त्याच्या पायाशी बसले होते, आणि तो एकदम म्हणाला, "बारके, चपला कुठे हरवून आलीस? आई आता धोपटणार." इतके महिने मी ज्याला घाबरत होते ते घडलंच नाही. तूही स्वयंपाकघरातून हसत बाहेर आलीस. आणि त्याची चेष्टेची खोड बघ, तुझ्याकडे बोट दाखवून मला म्हणतो कसा, "ही बाई फार चांगली आहे गं, हिला जेवल्याशिवाय सोडू नकोस." आपण तिघंही किती हसलो. तेवढ्या एका संध्याकाळसाठी तू जे केलंस ते मी जन्मभर विसरणार नाही.

आता जरा तूही झोपत जा.

तुझी बारकी


२७ एप्रिल

प्रिय बारके,

पत्र घेऊन गेलीस ते बरं केलंस. मी ते जाळणार होते. निम्मीनिम्मी चूक वाटून घ्यायची तर घेऊ, मी भांडत नाही. पण एक ऐक, म्हणजे तुझ्या लक्षात येईल.

ती चेष्टा नव्हती.

इस्पितळातून आल्यापासून तो मला ओळखत नाही. लहानपणचं आहे त्याच्याकडे, आई आहे, तू आहेस, चपला आहेत. मी त्याच्या आयुष्यात उशिरा आले ना, म्हणून मी आधी गेले. डॉक्टर म्हणाले असंच होतं, नवं आधी पुसतं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली आणि मी डॉक्टरांच्या लेखी नवी. तू इतकी आनंदात होतीस की मला बोलवेना. मी स्वयंपाकघरात भिंतीला डोकं टेकून उभी राहिले, पदराने तोंड पुसलं आणि हसत बाहेर आले. तू हसलीस म्हणून मीही हसले.

तुला त्याने ओळखावं म्हणून मी गोळ्या वाढवल्या, आणि त्याने ओळखलंही. मी तक्रार कुठल्या तोंडाने करू?

पहिल्या दिवशी मी त्याला म्हटलं, अरे मी तुझी बायको. तो इतका घाबरला की भिंतीला पाठ लावून शिवणवालीला हाका मारायला लागला. तेव्हापासून मी सांगत नाही. मी त्याला भरवते, त्याची दाढी करते, तो मला "ताई" म्हणतो आणि आभार मानतो. इतका सभ्य माणूस आहे गं तो. इतकं सभ्य तो माझ्याशी कधी वागला नव्हता.

काल कामावरून आले, शिवणवाली घरी गेली. दिवे लागायच्या वेळी तो म्हणाला, "ताई, उशीर झाला. तुम्ही आता निघा, तुमच्या घरचे वाट बघत असतील." मी म्हटलं, बसते थोडी. तो बेचैन व्हायला लागला. परकी बाई घरात, लोक काय म्हणतील. शेवटी मी पिशवी उचलली आणि बाहेर पडले. जिन्यावर बसले. वरच्या मजल्यावरचा माणूस विचारत होता, किल्ली विसरलात का? मी हो म्हटलं.

मग उठून बेल वाजवली. दार त्यानेच उघडलं. "या," म्हणाला, "बायको बाहेर गेलीय, येईल इतक्यात. बसा." मी बसले. तो समोर बसला, दाराकडे बघत. दोघंही तिची वाट बघत बसलो. मला राहवलं नाही, मी विचारलं, कशी आहे तुमची बायको? तर म्हणतो, "तापट आहे. पण माझ्यावाचून तिचं चालत नाही, म्हणून मी कुठे जात नाही."

बारके, मला आता शास्त्र नको, धीर नको, कुठली गोळी काय करते तेही नको. तू पुन्हा निघून ये. या वेळी त्याच्यासाठी येऊ नकोस, त्याचं सगळं मी करते. माझ्यासाठी ये. या घरात मला ओळखणारं कोणीतरी हवं.

तुझी वहिनी